नव्वदीत पहिल्यांदा डोळा मारला

आधी एक सांगतो, हे मी बोटानं टाईप करत नाय, फोनपुढं बोलतोय आणि फोन लिहितोय. नातवानं शिकवलंय. फोनला माझं निम्मं कळत नाय कारण दात काढून ठेवले की माझा स आणि श एकच होतो, आणि परवा मी 'मयत' म्हणालो तर त्यानं 'मैत्रीण' लिहिलं. दोन दिवस मी ते खोडलंच नाय. नव्वदीत मैत्रीण, असू दे की, कुणाच्या बापाचं काय जातंय.

तर मला या 1 जूनला 90 पूर्ण झाली. कागदावर हां. आमच्या वेळी शाळेत घालताना बाप पोराला मास्तरापुढं उभं करायचा, मास्तर विचारायचा पोरगं कधीचं, बाप म्हणायचा पूर आलता बगा त्या साली, आणि मास्तर 1 जून लिहून मोकळा. शाळा जूनला सुरू म्हणून निम्मा वर्ग 1 जूनचा. माझं खरं वय 90 का 91 ते पंचगंगेला ठाऊक. पण त्या मास्तरानं माझं एक नुकसान केलं. सरकारी नियम असा आहे की महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. म्हणजे मी 31 मे 1993 ला, 58 झाली म्हणून घरी. मास्तरानं 2 जून लिहिलं असतं तर अख्ख्या जूनचा पगार मिळाला असता, एका दिवसाच्या आळसानं महिना घालवला बाबानं माझा. 32 वर्षं झाली, अजून विसरलो नाय.

पोस्टमन होतो मी. 1957 ला लागलो, 36 वर्षं सायकल आणि पिशवी. आता पेन्शन घेऊन 32 वर्षं झाली, म्हणजे अजून चार वर्षं काढली की नोकरी आणि पेन्शन बरोबरीत, त्याच्या पुढं सरकारला तोटाच. केंद्राच्या पेन्शनीत 80 झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जास्त मिळतात, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरी गाठली की डायरेक्ट 100 टक्के, म्हणजे पेन्शन डबल. मला जूनपासून 40 लागू झाले. सून म्हणाली, मामा, आता पंच्याण्णव काय लांब नाय. पोरगा काय बोलला नाय, तो स्वतः 64 चा आहे, त्याचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, त्याला माझ्या शंभरीची काळजी वाटत असणार, कारण तेव्हा मला उचलायचं कुणी.

कोल्हापुरात पावसाळ्यात सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतात, 39 फूट इशारा, 43 फूट धोका. वयाचं पण तसंच आहे, 80 ला इशारा आणि 90 ला धोका. 2019 ला पाणी 55 फुटाच्या वर गेलतं तेव्हा मी 84 चा होतो आणि मला बोटीतून काढलं होतं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची शेळी. शेळी ओरडत होती, मी गप्प होतो, बघणाऱ्याला वाटलं असेल शेळीलाच जगायची जास्त हौस आहे.

आणि खरंच नव्हती हौस. मंडळी, म्हणजे आमची बायको, 2011 ला गेली, त्यानंतर एक एक करत कट्टा रिकामा होत गेला. रंकाळ्यावर संध्याकाळी आम्ही अकराजण बसायचो, वयाच्या 85 नंतर पाच राहिले, मग तीन, मग दोघंच. मी घरातच बसायला लागलो, जेवण खोलीत, पेपर उघडायचा तो थेट रक्षाविसर्जनाच्या बातम्यांवर, कोण गेलं ते बघायचं आणि घडी घालून ठेवून द्यायचा. दात लावायचं पण सोडलं होतं, कुणाशी बोलायचंय म्हणून. दोन-तीन वर्षं तशी गेली, त्यात सांगण्यासारखं काय नाय.

मग बँकेनं मला मारलं.

बँकेचं नाव नको. गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, मी पोराबरोबर गेलो, त्यांच्या मशीनवर अंगठा लावला, उमटेना. दुसरं बोट, उमटेना. दहाही झाली. म्हातारपणी कातडी पातळ होते, रेषा झिजतात, त्यात आमचं काम सगळं बोटाचं, 36 वर्षं पत्रं चाळायची, डिंक, शाई, सुतळी. साहेब म्हणाले कागदावर फॉर्म भरून द्या. दिला. तो फॉर्म कुठल्यातरी ढिगात गेला असणार. डिसेंबरची पेन्शन जमाच झाली नाय.

जानेवारीत गेलो तर काउंटरवर नवीन पोरगा, त्यानं नंबर टाकला आणि स्क्रीनकडं बघतच म्हणाला, "काका, पेन्शनर कुठायत?"
म्हटलं, "हितं."
"हितं म्हंजे? बाहेर बसल्यात काय? त्यांना आणायला लागंल."
"आरं आणलाय की, मीच."
मग त्यानं वर बघितलं, परत स्क्रीनकडं बघितलं, आणि जरा आवाज कमी करून म्हणाला, "सिस्टीमला तुमची हयात नोंद नाय दाखवत."
मी म्हटलं, "मग आता मी घरी जाऊ का परस्पर पंचगंगेवर?"

मागं लाईनीत एक बाई होत्या, त्या अशा हसल्या की त्यांच्या हातातलं पासबुक पडलं. मग पोरगा पण हसला, मॅनेजर बाहेर आला, खुर्ची आली, चहा आला. जिवंत असताना त्या बँकेत मला कधी चहा मिळाला नव्हता. पेन्शन पुढच्या महिन्यात थकबाकीसकट आली, पण ते सोडा. संध्याकाळी मी कधी नाय तो कट्ट्यावर गेलो आणि हे सांगितलं, आणि बापू, ज्याला माझ्यापेक्षा कमी ऐकू येतं, त्यानं तीनदा परत सांगायला लावलं. रात्री सून फोनवर तिच्या बहिणीला हेच सांगत होती, हसत होती, आणि मी खोलीत जेवायच्या ऐवजी बाहेर पानावर बसलो, कारण मला आणखी थोडं सांगायचं होतं. दात लावून.

लोक विचारतात एवढ्या वयात आनंदी कसं राहायचं. मला काय माहीत, मी आनंदी नव्हतोच, मला एक चांगला किस्सा मिळाला एवढंच.

आता शेऱ्याचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाय. पत्र पोचलं नाय तर पोस्टमननं पाकिटावर कारण लिहून परत पाठवायचं असतं, त्याला आम्ही शेरा मारणं म्हणायचो. घर बंद. पत्ता अपूर्ण. घेण्यास नकार. गाव सोडून गेले. आणि मयत. 36 वर्षांत 'मयत' किती वेळा लिहिलं मोजलं नाय. घरात विचारायचं, बाई पदर तोंडाला लावून मान हलवायची, आपण दारातच पिशवी गुडघ्यावर घेऊन लिहायचं आणि पुढच्या दाराची घंटी वाजवायची. तिथं पोरीचं लग्न ठरल्याचं पत्र असायचं. हसऱ्या तोंडानं द्यायला लागायचं ते, बिदागी मिळायची, कधी पेढा. असं दिवसातनं चार वेळा तोंड बदलायला लागायचं आणि घरी आलो की मंडळी म्हणायची, आज काय झालं हो, गप्प का.

बँकेतनं आल्यावर मला वाटलं, एवढ्यांना मयत लिहिलं, आपल्याला कुणीतरी लिहिणारच. मग आपला शेरा आपणच का मारू नये. जुनी डायरी काढली आणि रोज सकाळी लिहायला लागलो. पहिल्या दिवशीचं असं आहे:
दात: गाव सोडून गेले.
गुडघा: घर बंद.
कान: पत्ता अपूर्ण.
झोप: घेण्यास नकार.
पोट: पोच मिळाली.

हे शेवटचं म्हातारी माणसं समजतील. त्या वयात सकाळी पोच मिळाली की दिवस सोन्याचा, बाकी अध्यात्म वगैरे नंतर. बापूला दाखवलं तर तो म्हणाला माझं आठवणीचं लिही, म्हटलं काय लिहू, म्हणाला "विसरलो." मुद्दाम म्हणाला का खरंच, ते मला अजून कळलेलं नाय.

या वर्षी मी बँकेत जायचं नाय असं ठरवलं. 80 च्या पुढच्यांना नोव्हेंबरची वाट बघायला लागत नाय, 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. आणि आता आमचंच पोस्ट घरी येऊन करून देतं, 70 रुपयात, पोस्टमन मोबाईल घेऊन येतो. म्हणजे बघा गंमत, रिटायर पोस्टमनच्या दारात चालू पोस्टमन येणार आणि विचारणार, इसम हयात आहे काय.

दिवाळीच्या आधी आठ दिवस एक पोरगी आली. नात शोभेल एवढी, स्कूटर, खाकी ड्रेस, पाठीला सॅक. दारातनं म्हणाली, "आजोबा, मी आलो ओ, दाखल्याचं हाय न्हवं?" कोल्हापूरच्या पोरी स्वतःला आलो-गेलोच म्हणतात, पुण्याची माझी नातसून पहिल्यांदा ऐकून दचकली होती. मी सांगितलं मी पण पोस्टमनच, याच बीटचा, तर ती उभी राहिली सरळ, जसं काय सुपरिंटेंडंटच आला. चहा पहिला झाला. मग आधार नंबर, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर, मग म्हणाली मोबाईल नंबर सांगा, ओटीपी येईल.

मी तोंडपाठ नंबर सांगितला. ओटीपी काय येईना. पाच मिनिटं दोघं फोनकडं बघत बसलो. मग सून आतनं ओरडली, "मामा, तो नंबर बंद हाय, माधुरीच्या वक्ताला बदलला न्हाई का!" तुम्हाला आठवत असेल, 2025 च्या जुलैच्या शेवटी नांदणी मठाची माधुरी हत्तीण गुजरातला अंबानींच्या वनतारात नेली आणि सगळा जिल्हा पेटला, लोकांनी रागानं त्यांच्याच जिओची सिमं बदलली. आमच्या नातवानं स्वतःचं तर बदललंच, माझं पण बदललं, मला न विचारता. वर म्हणतो आबा तुम्ही पण आंदोलनात आहात. म्हणजे एका हत्तिणीपायी मी जिवंत आहे हे सिद्ध होईना. बरं, माझी तक्रार नाय, हत्तिणीसाठी मी पण मेलो असतो, पण आधी विचारायला पाहिजे होतं.

नवीन नंबर टाकला, ओटीपी आला. मग बोटं. मी आधीच सांगितलं, पोरी, वेळ घालवू नको, पण ती म्हणाली एकदा बघूया. कोमट पाण्यानं हात धुवून घेतले, सुनेनं खोबरेल आणलं, पोरीनं ते पुसायला लावलं, अंगठा दाबून धरला तिनं स्वतःच्या हातानं. नाय. तिनं माझं बोट उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, रेषा कुठं गेल्या ओ?" म्हटलं, वाटल्या, शिवाजी पेठेत आणि मंगळवार पेठेत, घरटी थोड्या थोड्या.

मग चेहरा. आता ते मोबाईलच्या कॅमेऱ्यावर होतं, आधारच्या फोटोशी तोंड जुळवतात. मला खिडकीकडं तोंड करून बसवलं. पहिला प्रश्न, दात लावू का काढू? कारण आधारचा फोटो काढला तेव्हा माझे स्वतःचे चार होते. पोरगी विचारात पडली. तिच्या ट्रेनिंगमध्ये हा मुद्दा नसणार. लावूनच घेतले, कसंय, फोटो म्हटलं की आपली पिढी जरा सावरून बसते, मी टोपी पण घातली, ती तिनं काढायला लावली.

"आता ह्या गोलात तोंड धरा. हां. आता पापण्या मिटा उघडा." मी मिटल्या. उघडल्या. फोन काय हलेना. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि वयानं पापणी पण खाली आलीय, ती डाव्याच्या बरोबरीनं मिटत नाय, मागनं येते, म्हाताऱ्या बैलासारखी. म्हणजे माझा एकच डोळा मिटत होता. पोरीनं परत सांगितलं, मिचकावा आजोबा, अजून जरा जोरात. मी परत. सून दारात उभी राहून पदरात हसायला लागली. समोर 25 वर्षांची पोरगी आणि हा 90 वर्षांचा म्हातारा तिच्याकडं बघून एक डोळा मारतोय, सात वेळा, आठ वेळा, आणि तीच म्हणतीय अजून मारा. भिंतीवर मंडळींचा फोटो, नेमका माझ्यासमोर. 36 वर्षं दारोदार फिरलो, बायकाच दार उघडायच्या, पण आयुष्यात कुणाला डोळा मारला नाय हो, आणि मारायची वेळ आली ती सरकारी कामासाठी, सुनेच्या साक्षीनं.

मला हसू आवरेना, हसताना दोन्ही डोळे आपोआप मिटले, आणि गोल हिरवा झाला.

थोड्या वेळानं मेसेज आला, प्रमाण आयडी का काय तो. नातवानं वाचून दाखवला. झालं, नोव्हेंबर 2026 पर्यंत मी जिवंत.

पोरीला 70 रुपये दिले आणि वर शंभराची नोट पुढं केली. ती म्हणाली, नको आजोबा, चालत नाय. म्हटलं, पोस्त म्हणून घे गं. दिवाळीला घरोघरी पोस्टमनला पोस्त द्यायचे लोक, फराळ आणि रुपया-दोन रुपये, मी पण नको नको म्हणत पिशवीचं तोंड उघडं ठेवायचो. तिनं पैसे घेतले नायत पण चकल्या घेतल्या. जाताना म्हणाली, पत्ता अडला तर फोन करू काय? म्हटलं कर, पण जोरात बोल.

आणि करते हां. कोल्हापुरात पत्ता म्हणजे काय, तर तालीम. पाटाकडील तालमीच्या मागं, खंडोबा तालमीच्या बोळात, फिरंगाई तालमीजवळ. 1972 च्या 15 ऑगस्टला पिनकोड आला तेव्हा लोक चिडवायचे, घराला नंबर नाय आणि पेठेला सहा आकडी. पण अजून जुन्या माणसांची पत्रं येतात त्यावर तालीम असते आणि 416012. पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी रुबाबात सांगितलं, डावीकडं वळ, दगडी जोत्याचं घर, पुढं पिंपळ. अर्ध्या तासानं तिचा फोन, आजोबा, हितं पाच मजली अपार्टमेंट हाय, आणि पिंपळाच्या जागी मोबाईलचं दुकान. म्हटलं दुकानात विचार. ते त्याच घराचे निघाले, नातू. माझा निम्मा पत्ता बरोबर होता, एवढ्यावर मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

बाकी दिवस काय, दिवसासारखेच. सकाळी डायरी, मग सुनेबरोबर भाजी निवडायची, मी मेथी निवडली की ती परत निवडते, माझ्या मागनं, मला कळू न देता, आणि मला कळतं. मिसळ आता जमत नाय पण नातू कट आणतो, त्यात पाव मऊ होईपर्यंत बुडवायचा. तांबडा रस्सा बंद, पांढरा चालू. आणि होळीला शंभर शेणी, म्हणजे गोवऱ्या, देतो मी पंचगंगा स्मशानभूमीला. आपल्याकडं महापालिका दहनाचे पैसे घेत नाय, लोक शेणी दान करतात त्यावर चालतं. या होळीला नातू म्हणाला, आबा, तुमचे ॲडव्हान्स लई झाले की ओ, एवढ्यात तिघं जातील. म्हटलं जाऊ देत की, उरलेल्या बापूला.

ते बोलायला नको होतं. दिवाळीच्या पाडव्यानंतर बापू गेला. झोपेत. मी रक्षाविसर्जनाला गेलो, रिक्षानं, घाटाच्या पायऱ्या नातवानं आणि त्याच्या दोस्तानं धरून उतरवल्या. तिथं बापूचा पोरगा म्हणाला, तुमचं शेऱ्याचं पान त्यांनी उशीखाली ठेवलं होतं. मला तर आठवत नाय मी त्याला पान कधी दिलं. त्यानंच फाडून नेलं असणार, गुपचूप, आणि मी महिनाभर डायरीतलं ते पान शोधत होतो आणि सुनेवर संशय घेत होतो. चोर लेकाचा.

आता कट्ट्यावर मी एकटाच. सभा वेळेत सुरू होते, एकमत लगेच होतं.

परवा पोरीचा फोन आला. आवाज जरा कमी होता, मी म्हटलं जोरात. "आजोबा, एक पत्र हाय, पेन्शनीच्या हापिसाचं, पत्ता नुसता तालमीजवळ." नाव सांगितलं. बापूचं. हयातीचा दाखला अजून आला नाय म्हणून आठवण. ती म्हणाली, "घर घावलं ओ, पण कडी आहे बाहेरनं. शेजारी म्हणत्यात ते गेले. काय करू? मयत लिहून परत लावू काय?"

मी जरा थांबलो. मग म्हटलं, थांब, परत लावू नको. म्हातारी आहे त्याची, 84 वर्षांची, पोरीकडं गेलीय, मंगळवारी येईल. पत्र तिच्या हातात दे आणि पोराला सांग, ते घेऊन मृत्यूच्या दाखल्याबरोबर आधी बँकेत जा, तिची फॅमिली पेन्शन सुरू करायला लागेल. ती सुरू झाली की मग तिचा पण हयातीचा दाखला दरवर्षी लागेल, तो तूच जाऊन कर, 70 रुपये मी देतो. बोटं नाय उमटायची, जन्मभर भांडी घासलीत तिनं, डायरेक्ट चेहऱ्यावरच जा. आणि डोळे मिचकावा म्हणू नको, लाजेल ती. नुसतं म्हण, काकू, बापू कसे घोरायचे ते सांगा. हसली की डोळे मिटतात तिचे.